नॉर्डिक देशांत खरेदी: रविवारी उपाशी राहू नये म्हणून

बर्गनला आम्ही उतरलो तो मे महिन्यातला रविवार होता. सोबत पुण्याहून आलेले आत्या आणि काका. खोलीला छोटं स्वयंपाकघर होतं, त्यामुळे "वाटेत तांदूळ, दही, बटाटे घेऊ, काळजी नको" असा माझा थाट. वाटेत तीन सुपरमार्केटं लागली आणि तिन्ही बंद. शेवटी पेट्रोल पंपावरच्या दुकानातून केळी आणि पाव घेतला, त्याचे पैसे पाहून काकांनी पावती घडी घालून पाकिटात ठेवली, घरी दाखवायला म्हणून. आत्या एवढंच म्हणाली, "एवढा श्रीमंत देश, आणि रविवारी दूध मिळेना?"

मी बरीच वर्षं स्वीडनमध्ये, माल्मोत राहतो. तरी फसलो, कारण स्वीडनमध्ये रविवारी सुपरमार्केटं उघडी असतात. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, आइसलंड हे पाच देश आपल्याला लांबून सारखे दिसतात, पण दुकानात शिरलं की प्रत्येकाचा कायदा वेगळा, चलन वेगळं आणि खोड्याही वेगळ्या. दरवर्षी मे-जूनमध्ये पाहुणे येतात आणि तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून काढतोय.

निघण्याआधी: कार्ड आणि प्लग

रोख रकमेच्या मागे लागू नका. स्वीडनमध्ये तर कित्येक दुकानांच्या दारावर रोख घेत नाही अशी पाटीच असते. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं एक कार्ड आणि एक फॉरेक्स कार्ड अशी दोन जवळ ठेवा, दोन वेगवेगळ्या खिशांत. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय सुरू आहे ना, ते घरूनच तपासा. पिन पाठ हवा. स्थानिक लोक स्वीडनमध्ये स्विश, नॉर्वेत विप्स, डेन्मार्कमध्ये मोबाइलपे वापरतात, पण ती त्यांची यूपीआय. पाहुण्यांना उपयोग नाही.

मशीनवर "रुपयांत देणार की क्रोनरमध्ये?" असा प्रश्न आला तर दर वेळी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की दर मशीनवाला ठरवतो, आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो.

चलनं चार वेगळे क्रोनर आणि एक युरो. फिनलंडमध्ये युरो. स्वीडिश आणि नॉर्वेजियन क्रोनर साधारण आठ ते दहा रुपयांच्या घरात, डॅनिश क्रोनर तेरा ते पंधरा, आणि आइसलंडचा क्रोना पाऊण रुपयाच्या जवळपास. त्यामुळे रेक्याविकमध्ये कॉफीच्या पुढे तीन-चार आकडे दिसले तरी घाबरायचं नाही, आणि कोपनहेगनमध्ये ४५ हा आकडा दिसला म्हणून स्वस्त समजायचं नाही.

प्लगचा अडॅप्टर भारतातूनच आणा. इथल्या दुकानांत अडॅप्टर भरपूर मिळतात, पण ते इथल्या लोकांनी बाहेर जाताना न्यायचे. आपली तीन पिनांची शेपटी इथल्या भिंतीत बसवणारा मिळायला वणवण होते.

पहिली संध्याकाळ: बरोबर सुपरमार्केट ओळखणं

हॉटेलाच्या खालचं, स्टेशनवरचं, चोवीस तास उघडं असलेलं दुकान हे सगळ्यात महागडं. पाण्याची बाटली आणि सँडविच सेव्हन-इलेव्हन, नार्वेसेन, प्रेसब्युरोन किंवा आर-किऑस्कीतून घेतलं की पहिल्याच दिवशी "इथे जगायचं कसं?" असं वाटायला लागतं. दहा मिनिटं चाला आणि ही नावं शोधा.

नॉर्वेत रेमा १०००, किवी आणि कूप एक्स्ट्रा ही स्वस्त तिकडी. मेनी छान पण महाग. स्वीडनमध्ये विलीस आणि लिडल स्वस्त. इका सगळीकडे दिसतं, पण त्याच नावाची छोटी आणि मोठी दुकानं असतात, आणि मोठ्यात भाव बरे. डेन्मार्कमध्ये नेट्टो, रेमा १००० आणि लिडल. फिनलंडमध्ये लिडल, प्रिझ्मा आणि एस-मार्केट. हेलसिंकीच्या गल्ल्यांत अलेपा नावाची छोटी दुकानं कामाला येतात. आइसलंडमध्ये बोनुस आणि क्रोनान. बोनुस ओळखायला सोपं: पिवळ्या पाटीवर गुलाबी डुक्कर, पैसे साठवायच्या गल्ल्याचं असतं तसं. गाडीने रिंग रोड, म्हणजे आइसलंडला वळसा घालणारा रस्ता, करणार असाल तर रेक्याविक सोडण्याआधी किंवा फार तर सेल्फॉसला डिकी भरून घ्या. पुढे वीक, होफ्न, एगिल्सस्तादिर अशा गावांत मोठं दुकान आहे, पण मधल्या पट्ट्यात पेट्रोल पंपच. आणि सकाळी आठला निघून "वाटेत घेऊ" म्हणू नका, यातली बरीच दुकानं दहाच्या आत उघडत नाहीत.

पाणी विकत घेऊ नका. पाचही देशांत नळाचं पाणी उत्तम आहे. आइसलंडच्या गरम नळाला अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा. थंड नळ आधी थोडा वाहू द्या आणि मग बाटली भरा.

वारांचा आणि सणांचा घोळ

नॉर्वेत रविवारी दुकानं बंद असतात. अपवाद १०० चौरस मीटरपेक्षा लहान किराणा दुकानांचा, म्हणून जोकर किंवा बुनप्रिसच्या काही शाखा रविवारी अर्ध्या आकारात उघडतात आणि त्यात निम्मं गाव उभं असतं. ऑस्लोच्या मुख्य स्टेशनातली दुकानंही चालू असतात. मे महिना नॉर्वेत अवघड, कारण १ मे, १७ मेचा राष्ट्रीय दिवस आणि चर्चच्या सुट्ट्या एकापाठोपाठ येतात. १७ मेची मिरवणूक जरूर पाहा, पण १६ तारखेला दूध आणून ठेवा.

डेन्मार्कमध्ये रविवार चालतो, पण ५ जूनच्या संविधान दिनी मोठी सुपरमार्केटं बंद असतात. स्वीडन आणि फिनलंडमध्ये जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी मिडसमर हा उन्हाळ्याचा सण येतो. त्या दिवशी दुकानं लवकर आवरतात आणि शहर रिकामं होतं. हेलसिंकीत तर संचारबंदी लागल्यासारखं वाटतं. १७ जून हा आइसलंडचा राष्ट्रीय दिवस.

दारूचं थोडक्यात सांगतो. डेन्मार्क सोडून बाकी ठिकाणी कडक दारू आणि वाइन फक्त सरकारी दुकानात मिळते: स्वीडनमध्ये सिस्टेमबोलागेट, नॉर्वेत विनमोनोपोलेट, फिनलंडमध्ये आल्को, आइसलंडमध्ये विनबूदिन. सिस्टेमबोलागेट शनिवारी दुपारी तीनला बंद होतं आणि रविवारी उघडत नाही. नॉर्वेत तर साधी बिअरही रात्री आठनंतर, आणि शनिवारी सहानंतर, मिळत नाही. ऑस्लो आणि केफ्लाविक विमानतळांवर आल्या आल्या, सामानाच्या पट्ट्यापाशीच, ड्यूटी-फ्री दुकान आहे. तिथे स्थानिक लोक का झुंबड करतात ते आता कळलं असेल.

लेबल वाचताना

शेल्फवरच्या चिठ्ठीत दोन आकडे असतात. मोठा आकडा पाकिटाचा, छोटा आकडा किलोचा किंवा लिटरचा. छोटा वाचायची सवय लावा, कारण पाकिटांचे आकार फसवे असतात. करही त्यातच धरलेला असतो, गल्ल्यावर वर काही लागत नाही. (डेन्मार्कमध्ये भाजी-दुधावरही पूर्ण २५ टक्के कर आहे. नॉर्वेत खाण्यावर तो कमी लागतो.) चिठ्ठीवर दोन किमती असतील तर खालची बहुधा सभासदांसाठी असते. "मेडलेम" या शब्दाने सुरू होणारं काही दिसलं की तो भाव आपला नाही.

पिवळं किंवा लाल स्टिकर दिसलं तर थांबा. मुदत संपत आलेला माल ३०-५० टक्के सवलतीत असतो, आणि पाव, दही, कापलेली फळं त्याच दिवशी खायची तर काहीच बिघडत नाही. फिनलंडच्या एस-गटाच्या (प्रिझ्मा, एस-मार्केट, अलेपा) दुकानांत रात्री उशिरा ही सवलत ६० टक्क्यांपर्यंत जाते. कोपनहेगनमध्येच २०१५ साली सुरू झालेलं टू गुड टू गो हे ॲपही घ्या. बेकऱ्या संध्याकाळचा उरलेला माल पिशवीत घालून तिथे स्वस्तात विकतात, फक्त पिशवीत काय निघेल ते नशीब.

शाकाहारी मंडळींसाठी मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करायची सोय वरदान आहे, पण तिच्यावर आंधळा भरवसा नको. स्वीडिशमधला "नोट" हा शब्द, ओ या अक्षरावर दोन टिंबं असलेला, सुक्यामेव्यातल्या बीलाही लागतो आणि गोमांसालाही. "नोटशोट" म्हणजे गोमांस. आमच्या एका पाहुण्यांनी "अक्रोडाचं असेल" म्हणून सारण भरलेला पाव जवळजवळ घेतलाच होता. डुकराच्या मांसाला स्वीडिशमध्ये फ्लेस्क किंवा ग्रीस, नॉर्वेजियन-डॅनिशमध्ये स्वीन, फिनिशमध्ये सिका. गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन असतं, आणि फिनिशमध्ये त्याला लीवाते म्हणतात. चीजमध्ये रेनेट, म्हणजे प्राण्याच्या जठरातून काढलेला दूध गोठवणारा पदार्थ, असू शकतं, ज्यांना चालत नाही त्यांनी घटक वाचावेत.

आता आपल्या जिभेचं. स्वीडनचं फिलम्योल्क, नॉर्वेचं कुल्तुरमेल्क आणि फिनलंडचं पीमा ही सगळी ताकाच्या कुळातली. मीठ-जिरं घातलं की काका खूश. स्वीडनमध्ये "तुर्किस्क" असं लिहिलेलं दही घट्ट आणि आंबटसर असतं, कोशिंबिरीला छान. आइसलंडचं साधं स्किर म्हणजे जवळपास चक्काच. साखर आणि वेलची घोटली की वीस मिनिटांत श्रीखंड होतं, मी अनेकदा केलंय. (पारंपरिक स्किरला रेनेट लावतात, एवढं ध्यानात असू द्या.) नॉर्वेत मऊ लेफ्से आणि बटाट्याचे लोम्पे मिळतात. पोळीची हौस त्यावर बऱ्यापैकी भागते, आणि लोणी-साखर भरलेलं लेफ्से तर साखरपोळीची चुलत बहीण. मसूर आणि छोले कुठल्याही सुपरमार्केटात असतात. तूरडाळ, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या हव्यात तर ऑस्लोत ग्रोनलान्ड, कोपनहेगनमध्ये नोरेब्रो, हेलसिंकीत हाकानिएमी आणि आमच्या माल्मोत मोलेवोंगेन या भागांत जा. भाजी तिथे सुपरमार्केटपेक्षा स्वस्तही असते.

गल्ल्यावरच्या तीन गमती

पहिली फिनलंडची. तिथे बऱ्याच दुकानांत फळं-भाजी आपणच वजन करून, खोक्यावरचा नंबर दाबून, निघालेलं स्टिकर पिशवीला चिकटवायचं असतं. मी पहिल्यांदा केळी तशीच घेऊन रांगेत उभा राहिलो. गल्ल्यावरची मुलगी काही बोलली नाही, फक्त केळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागे सहा माणसं शांतपणे उभी. ती शांतता ओरडण्यापेक्षा वाईट.

दुसरी, पिशवी. ती विकत घ्यावी लागते आणि बिल होण्याआधीच पट्ट्यावर ठेवावी लागते. आपली कापडी पिशवी न्या. सामान भराभर आपणच भरायचं, कुणी मदतीला येत नाही.

तिसरी, पावती. स्वतःच बिल करायच्या मशीनवरून बाहेर पडताना छोटं फाटक असतं आणि ते पावतीवरचा बारकोड दाखवल्यावर उघडतं. पावती नको म्हणून बटण दाबलंत तर आत अडकून पडाल.

घासाघीस कुठेच नाही. आठवडी बाजारात, तेही बंद व्हायच्या सुमारास, विक्रेता आपणहून भाव उतरवतो, तेवढंच. औषधांच्या दुकानात, चीजच्या काउंटरवर आधी यंत्रातून नंबराचा कागद घ्या. रांग दिसली नाही म्हणजे ती नाही असं नाही. औषधांवरून आठवलं: डोकेदुखीची साधी पॅरासिटामॉल गोळी नॉर्वे-डेन्मार्कच्या सुपरमार्केटात मिळते, पण स्वीडनमध्ये २०१५ पासून फक्त औषधांच्या दुकानात, म्हणजे आपोटेकमध्ये. रात्री ते बंद असतं, म्हणून घरून पट्टी आणलेली बरी.

रिकामी बाटली चुरगळू नका

भारतात बाटल्यांवर वापरून झाल्यावर चुरगळा असं छापलेलं असतं. इथे उलट. बाटली-डब्याच्या किमतीत अनामत रक्कम धरलेली असते, स्वीडन-नॉर्वे-डेन्मार्कमध्ये तिला पंत म्हणतात, फिनलंडमध्ये पंत्ती. दुकानाच्या दाराशी यंत्र असतं, त्यात बाटली सरकवली की ते बारकोड वाचतं आणि चिठ्ठी देतं. ती गल्ल्यावर दाखवली की बिलातून रक्कम वजा. नॉर्वेत छोट्या बाटलीला २ आणि मोठीला ३ क्रोनर, फिनलंडमध्ये डब्याला १५ सेंट आणि एक लिटरवरच्या बाटलीला ४० सेंट. चार जणांचं कुटुंब असेल तर आठवड्याअखेरीस एका पावाचे पैसे निघतात. नॉर्वेतल्या यंत्रावर दोन बटणं असतात, एक चिठ्ठीचं आणि दुसरं रेड क्रॉसच्या लॉटरीचं. काकांनी दुसरं दाबलं. जिंकले नाहीत. आइसलंडमध्ये ही यंत्रं सहसा दुकानात नसतात, वेगळ्या केंद्रावर जावं लागतं, तेव्हा प्रवाशाने तिथे सोडून द्यावं. एका देशाची बाटली दुसऱ्या देशात चालत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण कोपनहेगनहून पिशवीभर डबे माल्मोला आणणारे पाहुणे मी पाहिलेत.

आठवण म्हणून काय घ्यावं

माझं मत थोडं कडक आहे. मुख्य रस्त्यावरच्या, दाराशी ट्रोलचा, म्हणजे लोककथांतल्या राक्षसाचा, पुतळा उभा केलेल्या दुकानांत चुंबकं सोडून काही घेऊ नका. एच अँड एम पुण्यातही आहे, इकिया तुर्भ्याला आहे, तिथला दिवा इथून ओढत न्यायचं कारण नाही.

घ्यायची तर लोकर. आइसलंडचा लोपापेसा, गळ्याभोवती गोल नक्षी असलेला स्वेटर, महाग असतो पण जन्मभर टिकतो. इथेच फसवणूकही जास्त. नक्षी आइसलंडची आणि विणकाम चीनमधलं, असे स्वेटर राजरोस विकले जातात. लेबलवर आइसलंडची लोकर आणि आइसलंडमध्ये हाताने विणलेला, या दोन्ही गोष्टी हव्यात. २०२० पासून "आइसलंडचा लोपापेसा" या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. विणणाऱ्यांची १९७७ मध्ये स्थापन झालेली स्वतःची संस्था रेक्याविकमध्ये दुकान चालवते, तिथून घेतला तर शंका नको. बजेट नसेल तर रेड क्रॉसच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात तोच स्वेटर बऱ्याच कमी भावात मिळू शकतो.

जुन्या वस्तूंची दुकानं हा इथला खरा खजिना, आणि आपल्या लोकांना तिथे जायला उगाच संकोच वाटतो. इथे डॉक्टर-प्राध्यापकही तिथेच खरेदी करतात. स्वीडनमध्ये म्युरोर्ना, नॉर्वेत फ्रेटेक्स (दोन्ही साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेची), फिनलंडमध्ये यूएफएफ. थंडी अचानक वाढली तर उबदार जाकीट नवं घेण्याआधी इथे डोकवा. आत्याने गोथेनबर्गला घेतलेला लोकरी कोट ती आता महाबळेश्वरला घालते.

फिनलंडची अराबिया कंपनीची चिनी मातीची भांडी प्रसिद्ध आहेत, मूमिन या गोष्टीतल्या पात्रांचे मगही त्यांचेच. पण हेलसिंकीतला कारखाना २०१६ मध्ये बंद झाला आणि नवे मग थायलंडमध्ये बनतात. फिनलंडमध्ये घडलेली वस्तू हवी तर हेलसिंकीतल्या हिएतालाहतीच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात जा आणि बशी उलटी करून शिक्का पाहा. स्वीडनचा लाकडी दालाघोडा मोरा शहराजवळच्या नुस्नेस गावात अजूनही हाताने रंगवतात, त्याच्याही पोटाखाली बनवणाऱ्याचं लेबल असतं. उत्तरेला, रोवानिएमीसारख्या ठिकाणी, तिथल्या मूळनिवासी सामी लोकांच्या हस्तकलेच्या नकला ढिगाने मिळतात. अस्सल वस्तूवर सामी दुओजी असं चिन्ह असतं. व्हेलचं मांस बाजारात दिसलं तरी सोबत आणू नका, परवान्याशिवाय ते देशाबाहेर नेणं बेकायदा आहे.

कर परत घेताना

मोठी खरेदी केली तर गल्ल्यावर टॅक्स-फ्री म्हणून सांगा आणि पासपोर्ट दाखवा, म्हणजे कर परत मिळवायचा फॉर्म मिळतो. एकाच दुकानातली किमान खरेदी स्वीडनमध्ये २०० क्रोनर, डेन्मार्कमध्ये ३००, नॉर्वेत ३१५, फिनलंडमध्ये ४० युरो, आइसलंडमध्ये १२,००० क्रोना. मध्यस्थ कंपनी कमिशन कापते, त्यामुळे पूर्ण कर मिळेल ही आशा सोडा.

गडबड होते ती सीमांची. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड हे युरोपीय संघात, त्यामुळे त्यांच्या फॉर्मवर कस्टमचा शिक्का संघातून शेवटचं बाहेर पडताना. स्टॉकहोमहून फ्रँकफर्टमार्गे मुंबईला येत असाल आणि माल हातातल्या बॅगेत असेल तर शिक्का फ्रँकफर्टला. माल थेट मुंबईला जाणाऱ्या मोठ्या बॅगेत असेल तर बॅग देण्याआधी स्टॉकहोमलाच. नॉर्वे आणि आइसलंड संघाबाहेर, त्यांचे फॉर्म तो देश सोडतानाच निकालात काढायचे. ऑस्लोत स्वेटर घेऊन बसने स्वीडनला आलात आणि फॉर्म कोपनहेगन विमानतळावर दाखवलात, तर तो कागद फक्त आठवण म्हणून राहतो. नॉर्वेत माल न वापरता, सीलबंद ठेवावा लागतो, थंडी कितीही वाजली तरी.

बोटीने जाणार असाल तर एक गंमत बघा. स्टॉकहोम-हेलसिंकी बोट रात्री मधेच ओलांड बेटांना काही मिनिटं लागते. कुणी फारसं चढत-उतरत नाही. ही बेटं संघाच्या करव्यवस्थेबाहेर असल्याने तिथे थांबलं की बोटीवरचं दुकान करमुक्त होतं, म्हणून हा थांबा. चॉकलेट आणि फिनिश मिठाई घ्यायला ती जागा चांगली. सालमियाक्की लिहिलेली काळी गोळी मात्र एकच घेऊन चाखा, अख्खं पाकीट नको. नवसागराची खारट चव असते तिला, आणि काकूंना भेट म्हणून देण्याजोगी ती नाही.

आणि नॉर्वेचं तपकिरी, गोडसर ब्रूनोस्ट चीज घेतलंत तर ते मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत ठेवलं तर तपासणीच्या वेळी ते द्रवात मोजलं जाऊ शकतं. आमचं अर्धा किलो तसंच गेलं.